दोन मिनिटांचा थांबा

अतिशय मगदूम याच्या तेवीस वर्षांच्या आयुष्यात स्वतः निर्णय घेण्याचे प्रसंग फारसे आलेच नव्हते. आष्ट्याच्या पेठेत त्याच्या वडिलांचे, तवनाप्पांचे, बी-बियाण्यांचे दुकान होते. सकाळी नऊ वाजता तो तेथे जाऊन बसे आणि दिवे लागण्यापूर्वी जेवावयास घरी येई. कोणते शिक्षण घ्यावे, कोणत्या रंगाची मोटारसायकल घ्यावी, हे सारे घरातच ठरत असे. ते त्याच्या हिताचेच असे, म्हणून त्याची काही तक्रारही नव्हती. मात्र एक गोष्ट अशी होती, की जी त्याने घराबाहेर आणि मतीनच्या साक्षीने ठरविलेली होती.

मतीन शिकलगार हा त्याचा पाचवीपासूनचा बाकावरचा जोडीदार. नववीत असताना त्यांच्या शाळेची सहल एस.टी.च्या लाल गाडीने कोयनानगरला गेली होती. पाटण मागे टाकल्यावर एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला आणि गाडी उभी राहिली. तेथे रस्त्याखाली पाण्याची मोरी होती, आणि मोरीच्या कठड्यापासून एक पायवाट निघून कारवीच्या दाटीत शिरत थेट डोंगराच्या माथ्याकडे गेली होती.

"सर, वर काय हाय?" मतीनने विचारले होते.

"वर डोंगर हाय. बस खाली."

"जाऊन बघायचं का, सर?"

"सहलीत तसं चालत न्हाई. एक उतरला की पन्नास उतरत्यात."

म्हशी बाजूला झाल्या, गाडी निघाली. परंतु मतीनने अतिशयच्या मांडीवर चापट मारून सांगितले, "आपुन येऊ रं गड्या. आपलं आपुन. मग कोण बस म्हनतंय बघू." त्या वाक्याला नऊ वर्षे झाली होती. त्या नऊ वर्षांत मतीन इस्लामपूरला वेल्डिंगचे काम शिकला, कारखान्यात हंगामी लागला, सुटला, अतिशय दुकानात बसला, आणि दरवर्षी पावसाळा सरत आला, की दोघांपैकी एक जण दुसऱ्यास म्हणे, "यंदा मोरीवर जायाचं का?" आणि दरवर्षी काही ना काही आडवे येई.

त्या वर्षी मात्र पुढे ढकलणे शक्य नव्हते. मतीनला कतारमध्ये काम मिळाले होते आणि सप्टेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी त्याचे विमान होते. दोन वर्षांचा करार होता. त्यानंतर पुन्हा दोन, असे त्याच्या चुलत्याचे अकरा वर्षे चालले होते, हे दोघांनाही ठाऊक होते. विमानापूर्वीचा एकच रविवार मोकळा होता.

आडवी आली ती आणखी एक गोष्ट. त्या वर्षी गावात मुनीमहाराजांचा चातुर्मास होता, आणि त्यांच्यासमोर अतिशयने दिवाळीपर्यंत नियम घेतला होता: सूर्य मावळल्यानंतर अन्न नाही, पाणी नाही, आणि फडक्याने गाळल्यावाचून पाण्याचा थेंबही नाही. नियम त्याने मनापासून घेतला होता. तो मोडण्याचा विचार त्याच्या स्वप्नातही नव्हता. आणि विशेष म्हणजे मतीनच्याही नव्हता.

मतीन त्याच्या घरी आला तेव्हा अतिशयची आई, गुणमाला, ज्वारी पाखडीत बसली होती.

"काकी, रविवारी ह्याला न्हेतो. सोमवारी जसा हाय तसा आणून देतो."

"आरं पण त्याचा नियम हाय. डोंगरात पाणी कोण गाळून देणार? सांजच्याला सूर्याकडं कोण बघणार? तुमी दोघं गप्पा हाणत बसणार."

"मला सूर्य कळत न्हाई व्हय, काकी?" मतीन हसून म्हणाला. "रोज्याचं तीस दिवस मिनिट मिनिट मोजतो आमी. तुमी मावळायच्या आधी जेवता, आमी मावळल्यावर. सूर्य एकच की वो! ह्याच्यापेक्षा माझंच घड्याळ पक्कं हाय."

गुणमालालाही हसू आवरले नाही. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती. तिच्या मनात त्याच्याविषयी किंचितही किल्मिष नव्हते. परंतु मायेला जेव्हा भीतीची जोड मिळते, तेव्हा तिच्यापुढे कोणाचेही बोलणे टिकत नाही. मतीन गेल्यावर ती म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय. पण रानात वाट चुकलासा, कुणाच्या घरचं खायची पाळी आली, तर तुझ्याच्यानं न्हाई म्हणवणार हाय का? तू कवा कुणाला न्हाई म्हणलायस?"

ते खरे होते.

त्याच दिवशी सायंकाळी त्याच्या फोनवर एक निमंत्रण आले. समाजाच्या युवक मंडळाने त्याच रविवारी निसर्ग सहल काढली होती. सकाळी कासच्या पठारावरची फुले, दुपारी तेथून निघून कोयनानगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: गाळलेले व उकळलेले पाणी, आचारी सोबत, सूर्यास्तापूर्वी भोजन. गुणमालाने ते दोनदा वाचून घेतले आणि तिचा चेहरा उजळला.

वाचकहो, येथे त्याने हो किंवा नाही यांपैकी एक काही म्हटले असते, तर ही कथा घडलीच नसती. सहलीबरोबर गेला असता तर मतीन आठ दिवस रुसला असता. मतीनबरोबर गेला असता तर आई आठ दिवस रुसली असती. दोन्ही रुसवे निघण्यासारखे होते. परंतु अतिशयला दोन्ही हवे होते, आणि दोन्ही मिळण्याची युक्ती सापडली म्हणून तो मनोमन हर्षभरित झाला. सहलीची गाडी कोयनानगरला त्याच मोरीवरून जाणार होती! त्याने मंडळाच्या जयराजला गाठले.

"जयराजदादा, पाटणच्या पुढं एका वळणावर मला उतरवशील? दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुक्कामावर येतो."

"दोन मिनिटांचं काय एवढं?" जयराज म्हणाला. "थांबू की."

मतीनला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे तू वरातीतनं येणार, आणि मी आडव्या वाटंवर हुबा ऱ्हाणार."

"तसं न्हवं रं. आईचं बी मन ऱ्हातंय, आपलं बी होतंय."

"सरळ चल की माझ्याबरोबर. तुझ्या नियमाला धक्का लागला तर माझं नाव बदल."

"मतीन, दोन मिनिटांचा तर प्रश्न हाय. गाडी थांबणार, मी उतरणार."

"थांबंल न्हवं?"

"जयराजदादानं शब्द दिलाय."

"मला त्याचा न्हाई, तुझा पायजे."

"दिला."

"बरं. किती वाजता?"

"तीन धर."

"मी बारालाच येऊन बसतो. तुमची वरात लवकर आली म्हंजे पंचाईत नगं. आणि ऐक, जेवण उन्हं हायत तवर वर पठारावर करायचं, दोघांनी मिळून. ती सोय माझ्याकडं."

कोणती सोय, हे अतिशयने विचारले नाही.

रविवारी पहाटे बेचाळीस मुलामुलींना घेऊन गाडी निघाली. गाणी झाली, भेंड्या झाल्या, साताऱ्याच्या अलीकडे उजाडले. कासवर मात्र साऱ्या महाराष्ट्राला त्याच रविवारी फुले पाहण्याची बुद्धी झाली होती. वाहने एकामागे एक अडकली. जी गाडी एक वाजता निघायची, ती पावणेचारला कशीबशी घाटाखाली उतरली. आचारी स्वयंपाकाचा टेम्पो घेऊन पुढे गेला होता. आता गाडीत गाणी बंद झाली आणि जो तो घड्याळ पाहू लागला. कारण त्या बेचाळिसांतील बहुतेकांना नियम होता, आणि पोचण्यास उशीर झाला तर पुढ्यात वाढलेले ताट तसेच ठेवून सर्वांना उपाशी झोपावे लागणार होते.

उंब्रजला महामार्ग सुटला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. अतिशयने मतीनला फोन लावला. तो लागला नाही; त्या खोऱ्यात तो लागणार नाही, हे मतीननेच त्याला सांगून ठेवले होते. पाटण आले, गेले. अतिशय आपली पिशवी घेऊन पुढे चालकाच्या मागे जाऊन उभा राहिला.

"जयराजदादा, ते वळण आता येईल."

जयराजने त्याच्याकडे असे पाहिले, की जणू तो कोणी परका होता. "कुठलं वळण?"

"मी म्हणलो होतो न्हवं. दोन मिनिटं."

"आरं गड्या, घड्याळ बघ की! पावणेसहा झाल्यात. पुढं जाऊन हात-पाय धुवायचं, पंगत बसवायची, साडेसहाला सूर्य जातोय. तुझ्या एकट्यापायी बेचाळीस जणांना उपाशी झोपवू?"

"दोन मिनिटं तर—"

"एकाला उतरवलं की दुसऱ्याला लघवीला जायाचं असतं. ठाऊक न्हाई का तुला?"

मागून एक मुलगी म्हणाली, "आवं दादा, चला की आता, लय भूक लागलीया." आणि गाडीभर हशा पिकला.

आता जे सांगावयाचे आहे ते अतिशयने पुढे कोणालाही सांगितले नाही. तो चालकाला ओरडून सांगू शकला असता. चालक परगावचा होता, त्याला कोणाच्याही नियमाशी कर्तव्य नव्हते. त्याने गाडी थांबविली असती. परंतु त्या क्षणी अतिशयच्या मनासमोर वेगळेच चित्र उभे राहिले. ओली पायवाट, वर काळवंडत चाललेले आभाळ. अर्ध्या तासात माथा गाठला नाही तर रात्रभर कोरडा घसा आणि रिकामे पोट. आणि इकडे पुढे गरम भात, आमटी, गाळलेले पाणी, ओळखीची माणसे. त्याचे अंतःकरण, सत्य सांगायचे तर, गाडी थांबू नये अशीच इच्छा करू लागले. जयराजचा नकार त्याला संकट वाटला नाही, सुटका वाटली.

वळण आले. मोरीच्या कठड्यावर मतीन उभा होता. निळे जर्किन, पाठीवर सॅक, पायाशी एक कापडी पिशवी. गाडी दिसताच त्याने एक हात वर केला. मग ती हळू होत नाही असे पाहून दोन्ही हात वर केले आणि तो हसत हसत रस्त्यावर एक पाऊल पुढे आला. चालकाने हॉर्न दिला. मतीन मागे सरकला; परंतु हात तसेच वर राहिले.

अतिशय खाली वाकला. पायातली चप्पल शोधावी, तसा तो आसनाखाली हात फिरवीत राहिला. वळण ओलांडून गेल्याचे त्याला गाडीच्या हिसक्याने कळले, तेव्हाच तो ताठ झाला.

कोयनानगरला सहा वाजून दहा मिनिटांनी पंगत बसली. सूर्यास्तास पुरती वीस मिनिटे शिल्लक होती. जेवण झाल्यावर मुले धरणाकडे तोंड करून छायाचित्रे काढीत राहिली. अतिशयनेही सर्व पदार्थ घेतले. आमटी उत्तम झाली होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गाडी परत त्या मोरीवरून गेली, तेव्हा तेथे कोणीही नव्हते.

सोमवारी फोन बंद होता, मंगळवारीही. बुधवारी दुपारी तो मतीनच्या घरी गेला. दारात चपलांचा ढीग होता. परदेशी निघालेल्या मुलास भेटावयास गल्लीतली सारी माणसे आली होती. मतीन बॅगेला दोरी बांधीत होता. त्याने वर पाहिले आणि तो उठून उभा राहिला. एखाद्या पाहुण्यासाठी उठावे तसा.

"या, बसा."

अतिशयला वाटले, तो थट्टा करतो आहे. "बसा काय रं? मी—"

"दादी, पाव्हण्याला पाणी आण," मतीन आत पाहून म्हणाला आणि लगेच स्वतःच थांबला. "न्हाई न्हाई, ऱ्हाऊ दे. ह्यांना आपल्या घरचं चालत न्हाई."

बसलेल्यांपैकी दोघे-तिघे हसले. त्यांना ती जुनी चेष्टा वाटली. ती जुनी नव्हती. तेरा वर्षांत मतीनने त्याच्या नियमांची हजार वेळा चेष्टा केली होती; परंतु असे, लोकांसमोर आणि हसल्याशिवाय, कधीही केले नव्हते.

"मतीन, गाडी थांबली न्हाई रं. मी सांगितलं होतं. जयराजनं ऐकलं न्हाई."

"व्हय. ठाऊक हाय. उशीर झाला असंल."

"कासला लय गर्दी—"

"असती की. फुलं बघायला येत्यात माणसं." एवढे बोलून त्याने दोरीची गाठ दातांनी आवळली. "जाऊन आलासा, सुखरूप पोचलासा, बरं झालं."

अतिशय आपली चप्पल शोधून निघाला. या वेळी ती खरोखरच शोधावी लागली.

मतीन गेला. अतिशय संदेश पाठवी. पोचलास का? काम कसे आहे? ऊन फार असेल. प्रत्येक संदेशाला मतीनकडून एक अंगठा येई. दिवाळीला अंगठा, ईदच्या शुभेच्छांना अंगठा. एकदा अतिशयने मोठा संदेश लिहिला. त्यात सर्व काही लिहिले, वाकल्याचेही. तो वाचून पाहिला आणि पुसून टाकला. त्याऐवजी पाठविले, "तब्येतीला जप." अंगठा आला.

पुढच्या चातुर्मासात गुणमालाने विचारले, "यंदा कुठला नियम घेतोस?" तो म्हणाला, "कुठलाच न्हाई." तिला आश्चर्य वाटले, वाईटही वाटले, परंतु हा मुलगा कधी नव्हे ते नाही म्हणाला आहे, हे तिच्या ध्यानात आले नाही.

त्या श्रावणात एके सकाळी मतीनची आजी, रहिमतबी, दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. अतिशयने ती तत्काळ ओळखली.

"लेका, हे तुझं घे. घराला रंग देतोय, आडगळ काढली. मतीनला फोनवर इचारलं, हे रं काय करू? म्हणला, ज्याचं हाय त्याला देऊन टाक."

पिशवीत स्टीलचे एक पातेले होते. कोरे, दुकानातली चिठ्ठी तळाला तशीच चिकटलेली. त्यात स्टीलच्या दोन ताटल्या आणि दोन वाट्या, आणि घडी घातलेले पांढरे शुभ्र मलमलचे फडके. चार पदरी, कडा हाताने शिवलेल्या. खाली एका डब्यात भाजलेल्या शेंगदाण्यांची आणि गुळाची पुडी होती. तिला वर्षभराचा कुबट वास लागला होता.

"हे काय, दादी?"

"तुझा नियम न्हवता का? म्हणला, आमच्या घरचं भांडं त्याला चालणार न्हाई, नवं पायजे. इस्लामपूरला जाऊन आणलं. फडकं म्या शिवलं, चार पदराचं. तुझ्या आईला बाजारात गाठून इचारलं होतं मी, पाणी किती पदरानं गाळता म्हणून." म्हातारीने पदराने तोंड पुसले. "त्या दिशी उपाशीच आला घरला. म्हणलं, खाऊन तरी घ्यायचं न्हाई का रं शेंगा? म्हणला, दोघांनी मिळून जेवायचं ठरलं हुतं, दिवस असताना. मग दिवसच गेला."

अतिशयने फडक्याची घडी पुन्हा घालून ते पातेल्यात ठेवले.

"दादी, आणखी काय म्हणाला?"

रहिमतबी उठली. जाता जाता तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात त्याला शिक्षेहून जड वाटला.

"कशाला इचारतोस बाबा? म्हणला, गाडी थांबली न्हाई त्याचं काय न्हाई. गाड्या थांबत न्हाईत. पण तो खाली वाकला, म्हणला."

सप्टेंबरातल्या एका रविवारी अतिशय घरी काहीही न सांगता निघाला. इस्लामपूर, कराड, पाटण असे करीत एस.टी.ने पुढे गेला आणि मोरीच्या वळणावर उतरला. हातात ती कापडी पिशवी होती. बारा वाजले होते. आयुष्यात प्रथमच तो एकटा, आपल्या मर्जीने, कोठेतरी आला होता. येथवर येण्यास कोणाची परवानगी लागली नव्हती, कोणी आचारी लागला नव्हता, कोणतीही अडचण आली नव्हती.

पायवाट तेथेच होती. ती पावसाने थोडी धुऊन गेली होती, तरी स्पष्ट दिसत होती. त्याने ती चढण्यास आरंभ केला नाही. ती दोघांची वाट होती. एकट्याने वर जाऊन तेथे काय आहे हे पाहून येणे म्हणजे उरलेलेही चोरणे, असे त्याला वाटले. तो कठड्यावर बसला. त्याला फक्त हे जाणून घ्यावयाचे होते, की बारापासून पावणेसहापर्यंतचा वेळ केवढा असतो.

तो फार मोठा असतो. पहिल्या तासात येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा ओळखू येतो. दुसऱ्या तासात एक सर येऊन जाते आणि माणूस भिजतो. तीन वाजल्यानंतर प्रत्येक वळणामागे तीच गाडी आहे असे वाटते. चारला भूक लागते आणि निघून जाते. पाचनंतर माणूस उभा राहतो, कारण बसलेला माणूस गाडीतून दिसणार नाही, अशी भीती वाटते. अतिशयही उभा राहिला. कोणीही येणार नव्हते, हे ठाऊक असूनही उभा राहिला.

मग डोंगराच्या माथ्यावर ऊन पिवळे झाले, तांबूस झाले, निघून गेले. नियम नसतानाही त्याने काही खाल्ले नव्हते. पातेले कोरेच होते.

कोयनानगरकडून पाटणला जाणारी गाडी आली. तेथे थांबा नव्हता. तरीही अतिशयने एक हात वर केला, अर्धवट, खांद्याइतकाच. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. वाहकाने दार उघडून डोके बाहेर काढले.

"कुठं जायाचं?"

अतिशयचा हात अजून तसाच वर होता.

"आवो, तुमच्या एकट्यासाठी हुबी केलीया गाडी. चढा की!"

तो पळत जाऊन चढला. गाडीत सात-आठ माणसे होती. कोणीही त्याच्याकडे पाहिले नाही, कोणीही कुरकुर केली नाही. घंटी वाजली, गाडी निघाली. सवयीने त्याची नजर घड्याळाकडे गेली. हात वर करण्यापासून दार लागेपर्यंत अर्धे मिनिटही गेले नव्हते.